दंडावरची बोटं

नवरात्रात घरी भगर शिजली की निफाडकडची ती सून मला आजही आठवते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, लवकर या. तिरडी बांधून झाली. माझ्या बहिणीला सुनेनं मारलं, अंगावर वळ हायेत." बोलणारा मृत बाईचा भाऊ होता. आम्ही अंत्यविधी थांबवला, अकस्मात मृत्यूची नोंद केली. पंचनाम्यात म्हातारीचे दंड पाहिले. दोन्हीकडे बोटांचे काळेनिळे ठसे, स्पष्ट उमटलेले. प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

गावानं तोवर निकाल देऊनही टाकला होता. शेजारणी म्हणाल्या, "लय तोंडाळ हाये ती." अहो, तोंडाळ बाई आणि खुनी बाई यांत काही फरक आहे की नाही?

सुनेला महिला पोलिसासमोर बसवून विचारलं, "सासूच्या दंडाला कुणी धरलं होतं?"

"मीच. त्यांचे गुडघे धरले होते, पण आरतीला उभं राहायचंच म्हणायच्या. मीच उठवायची. मारलं नाय, साहेब. मला आत टाकलं तर माझ्या लेकरांना कोण बघंल?"

खोटं बोलणारा माणूस स्वतःला अडकवणारी गोष्ट इतक्या सहज कबूल करत नाही. म्हणून मी आजारपणाचं विचारलं. म्हातारीच्या हृदयाची झडप बदललेली होती. रक्त पातळ करायची गोळी रोज चालू होती.

"एक दिवस चुकवली नाय मी. उपासातसुद्धा."

"कसला उपास?"

"देवीचे नऊ दिवस. नुसती भगर नि साबुदाणा. एरवी रोज मेथी नायतर पालक असायचाच. रक्त तपासायला बोलावलं होतं, पण आई म्हणल्या, घट उठले की जाऊ."

हे मी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मारहाण नाही. डोक्याला कुठं मार नाही, तरी मेंदूत रक्तस्राव झालाय. ही गोळी रक्ताची गुठळी लवकर होऊ देत नाही. झडपेवर गुठळी झाली तर जीव जातो, म्हणून ती द्यावीच लागते. पालेभाजी तिचा जोर कमी करते, त्यामुळे रोजचं जेवण धरून डोस बसवलेला असतो. भाजी एकदम बंद झाली, गोळी तेवढीच राहिली, जोर वाढला असणार. मग नुसतं धरलं तरी डाग उठतात, आणि मेंदूतही आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. वेळेवर रक्त तपासलं असतं तर डोस कमी केला असता."

भावाला बोलावून सगळं समजावलं. तो मान खाली घालून बसला, मग सुनेपुढे हात जोडून ढसाढसा रडला. मी म्हटलं, "बाई, तुझा काही गुन्हा नाही. घरी जा."

ती उठली नाही. "म्हणजे भाजी बंद होती तरी गोळी मीच भरवत होते ना, साहेब?"

"गोळी द्यायचीच होती गं. तपासणी तेवढी राहिली," मी म्हणालो. तिनं मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

आता ओळखीत कुणी ही गोळी घेत असलं की मी बजावतो, उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि मनानं गोळी बंदही करू नका. लोक हसतात. हसू देत. गुन्हा नाही असा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. पण त्या बाईनं पुन्हा कधी मेथी निवडली असेल का, हे मला कळलं नाही.