पन्नास लिहिलेलं पस्तीस

माझा कामाचा कॉम्प्युटर जुना झाला होता आणि त्याच्या सिस्टीमला आता सुरक्षेचे अपडेट येणार नव्हते. पुण्याची लेक सुट्टीत आली, एका लॅपटॉपवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम आणि ड्रॉइंगचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून गेली. "आई, आठवडाभर दोन्ही वापर, मग ठरव." मला ते सगळंच नको होतं. वीस वर्षं मी समा भागातल्या घरी बसून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, मकरपुऱ्याच्या छोट्या कारखान्यांसाठी टाक्यांची ड्रॉइंगं काढते आहे. नव्यात माझी एखादी रेघ हलली तर? रात्रंदिवस तीच धास्ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी, नुसती परीक्षा म्हणून, आदल्या दिवशी एका कारखान्याला पाठवलेली फाईल मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. टाकीचं जड झाकण क्रेननं उचलायला त्यावर जाड पत्र्याचे चार कान जोडतात. प्रत्येक कानाला एक भोक, कडेपासून पन्नास मिलिमीटर आत. नव्या स्क्रीनवर दिसलं पस्तीस.

बघा, बिघडवलंच! मी चिडले, आणि खरं सांगायचं तर थोडी खूशही झाले. नाही म्हणायला कारण मिळालं होतं. लेकीला फोटो पाठवणार, तेवढ्यात आठवलं.

फाईल जुनीच होती, तीच पुन्हा पाठवली होती. काही वर्षांपूर्वी ते भोक मी पस्तीसवरच काढलं होतं. कारखान्याच्या मालकांनी पन्नास करायला सांगितलं. मी घाईत होते, म्हणून भोक सरकवायचं सोडून नुसता आकडा बदलला. तेव्हा चालून गेलं, कारण कारागीर कागदावरचा आकडा वाचून टेपनं खूण करायचा. नंतर त्यांच्याकडे कापायचं मशीन आलं, आणि मशीन आकडा वाचत नाही, रेघेवरून कापतं. जुनं सॉफ्टवेअर माझा खोटा आकडा इमानानं दाखवत राहिलं. नव्यानं रेघ मोजली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

भोकाच्या कडेला एवढंच लोखंड उरलं तर कान फाटणार, आणि झाकण खालच्या माणसांवर येणार. फोन लावताना बोट दोनदा भलत्याच नावावर पडलं.

"बेन, ए तो कपाई गयुं," मालक गुजरातीत म्हणाले, कान कापूनही झाले होते. "वेल्डिंग चाले छे."

समापासून मकरपुऱ्यापर्यंत स्कूटर कशी नेली, मला आठवत नाही. पोचले तेव्हा दोन कान जोडून झाले होते. टेप लावला. पस्तीस. मालकांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्यांनी पाणी मागवलं आणि माझी समजूत घातली, "चिंता ना करो, बेन. गया वरसे पण आ ज फाइल हती. एनुं ढांकणुं तो रोज उपाडे छे."

म्हणजे गेल्या वर्षीच्या टाकीलाही माझेच पस्तीसचे कान होते. आणि ते झाकण रोज उचललं जात होतं.

"आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना!" मी मराठीतच किंचाळले. मालकांचा चेहरा उतरला. ती टाकी घेतलेल्यांकडे फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी कुणीतरी उचलला. झाकण बंद होतं. नवे कान जोडेपर्यंत क्रेन लावू नका, असं मालकांनी सांगितलं, तेव्हा मी तिथल्याच एका स्टुलावर बसले आणि रडले.

संध्याकाळी लेकीला कळवलं, ठरलं, नवीनच. ती खूश झाली. तिला वाटलं, आईची भीती गेली.

आता मी रोज दहा जुन्या फाईली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आकडा समोर येईपर्यंत माऊसवरचा हात घामानं ओला होतो. आज आणखी एक सापडली. त्या कारखान्याला फोन लावला आहे, अजून कुणी उचललेला नाही.