भिंतीवरचा दुसरा कागद

कबीर, ओवी — आता जे लिहिते आहे ते मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही. ते शेवटी आठवडाभर माझा हात धरून पडून होते, तेव्हाही नाही. तुमच्या बाबांना नाही. नीता आत्याला तर नाहीच, आणि मोडलं ते तिचंच मनगट.

परवा फोनवर कबीरने विचारलं, ट्रायल्सच्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घेऊ का, बाबा म्हणतात आजीला त्यातलं सगळं कळतं. मागून बाबांचा आवाज आला — "आजी लिहून देईल तसंच कर, नाहीतर तुझा सुखदेव होईल!" तुम्ही दोघं हसलात. मीही हसले. फोन ठेवल्यावर त्या हसण्याची मला इतकी किळस आली की मी जाऊन तोंड धुतलं. तोंड धुऊन काय होतं?

सुखदेव तुम्हाला बाबांच्या गोष्टीतूनच माहीत आहे. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर दुकान असलेला सायकल-मोटरसायकलचा मिस्त्री. आजीने स्वच्छ मराठीत लिहून दिलेला कागद त्याने वाचला नाही, भलतंच तेल भरलं आणि आत्या पडली — अशी ती गोष्ट. सूचना नीट वाचाव्यात हे मुलांना शिकवायला बरी पडते. आमच्या घरात ती किती वेळा सांगितली गेली असेल? मी दर वेळी तिथे बसलेली होते.

आधी माझ्या वडिलांबद्दल सांगते. टाळाटाळ करते आहे असं वाटेल — करतेही आहे — पण ते इथे हवेत. ते दिघोरीला दुसऱ्यांच्या धानात राबायचे. दीक्षा घेतल्यावर, मोठ्या वयात, अक्षरं शिकले. मग वस्तीतलं प्रत्येक पत्र, प्रत्येक नोटीस त्यांच्याकडे वाचायला यायची. ओसरीवर बसून ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत. न कळलेला शब्द आला की बोट तिथेच थांबायचं. "हे मले समजत नाही. मास्तरले विचारा." एवढं म्हणायचे आणि कागद परत द्यायचे. त्यांना त्याची लाज नव्हती. मला त्यांनी इंग्रजीत एम.ए. होईपर्यंत शिकू दिलं, आणि लाज मात्र माझ्यात कुठून आली?

हे घडलं तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी भंडाऱ्याच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. नीता नोकरीला लागली होती आणि तिला ट्रायल्सचं वेड लागलं होतं — सीट नसलेली सायकल, पाय न टेकवता दगडावरून दगडावर उड्या. शेजारचे विचारायचे, "पोरगी सायकल चालवते का बेंडूक?" आंबागडच्या किल्ल्याखाली मोठे खडक आहेत. रविवार उजाडला की ती तिकडे.

तिच्या सायकलला रिमवर घासणारे रबरी ब्रेक होते. चाक ओलं झालं की पकड जायची. ट्रायल्समध्ये माणूस मागच्या एका चाकावर उभा असतो. ब्रेक सुटला तर माणूस सुटला. म्हणून डिस्क घ्यायचं ठरलं. तारेचे की तेलाचे? मी महिनाभर वाचत होते. वहीत रकाने आखले — पकड, वजन, देखभाल, सुटे भाग कुठे मिळतात. तेलाचे निवडले, कारण एका बोटाच्या दाबाने चाक जागच्या जागी थांबतं. पुण्याहून मागवले. कबीर, ती निवड बरोबर होती. ब्रेक उत्तम होते. वाईट काय होतं ते पुढे येतंच आहे.

नळी लांब होती. सुखदेवने ती मापात कापली. कापली म्हणजे तेल पुन्हा भरायचं, आतली हवा काढायची. पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून मला बोलावणं आलं. मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून, समास आखून, निळ्या शाईत सात सूचना मराठीत लिहिल्या. डिस्कला तेलकट बोट लावू नये. पॅड नवे असताना हळूहळू बसू द्यावेत. वगैरे. चौथ्या सूचनेपाशी तेल आलं. त्या पानावर बारीक अक्षरांची एक चौकट होती. वाचायचा चष्मा घरी राहिला होता. चौकटीत 'डॉट' हा शब्द मोठा छापलेला दिसला. सुखदेवच्या फळीवर मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली होती, तिच्यावरही डॉट. जुळलं की! मी लिहिलं — 'डॉट असे लिहिलेले ब्रेक ऑइल भरावे.'

त्याने बाटली हातात घेऊन विचारलं, "म्याडम, हे तं मोटरसायकलचं व्हय. या नाजूक ब्रेकले चालन का?"

बघा — त्याला शंका आली होती. सातवी शिकलेल्या माणसाला. आणि मी काय म्हणाले? पुस्तकात तेच लिहिलं आहे, म्हणाले. वर जरा चिडूनही.

"मंग झालं," तो म्हणाला. "तुमी वाचलं म्हणजे वाचलं." आणि कागद खिळ्याला अडकवला.

तीन आठवडे ब्रेक छान चालले. मग नीता म्हणाली, लिव्हर दाबल्यावर सावकाश परत येतं. नवीन आहे, बसेल, मी म्हणाले. पुढच्या रविवारी आंबागडला ती एका खडकाच्या कडेवर मागच्या चाकावर उभी होती. बोटाखालचं लिव्हर सरळ हँडलपर्यंत गेलं. चाक मागे घरंगळलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्याच्या बाकावर बसले होते. पिशवीत पुस्तिका होती, चष्माही होता. ती चौकट मी तिथे पहिल्यांदा वाचली. या ब्रेकमध्ये फक्त मिनरल ऑइल घालावे, डॉट घातल्यास आतली रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. दोन वाक्यं. शाळेतल्या पोरीने वाचली असती.

तेव्हा बोलता आलं असतं. तुमचे बाबा समोरच येरझाऱ्या घालत होते — "काय भरलं त्या सुखदेवनं? विचारतोच त्याले!" मी पुस्तिका मिटली.

इथपर्यंत ही चूक आहे, चूक कुणाचीही होते, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच पुढचं लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसले. तसाच कागद घेतला, तसाच समास, तीच निळी शाई, तीच तारीख. सातही सूचना पुन्हा लिहिल्या. चौथी अशी — 'फक्त मिनरल ऑइल. मोटरसायकलचे ब्रेक ऑइल कदापि वापरू नये.' तिच्याखाली दोन रेघा मारल्या. अक्षर फार सुरेख आलं होतं. ऑटोने शहापूरला गेले. सुखदेव दुकानात नव्हता.

"या ना म्याडम, बसा," त्याची बायको म्हणाली. "ते तं नीताताईले पाहाले दवाखान्यात गेले जी. केळं घेऊन गेले. रातभर जेवले नाही."

ती चहा ठेवायला आत गेली. मी खिळ्यावरचा कागद काढला, माझा अडकवला. जुन्या कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या बोटाचा तेलाचा डाग होता. मी तिथल्या फडक्यावर अंगठा घासला आणि नव्या कागदाच्या त्याच कोपऱ्यावर दाबला. हे मला कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. आपसूक सुचलं. मग चहा आला आणि मी तो पूर्ण प्यायले. साखर बरोबर आहे, असंही म्हणाले.

दुपारी तुमचे बाबा त्याला दवाखान्यातून तसेच दुकानात घेऊन आले. मी थांबलेच होते. चार लोक जमले. कोणतं तेल भरलं ते त्याने वाटेत सांगितलं होतं. बाबांनी खिळ्यावरचा कागद वाचला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "वाच ना बे! चौथं वाच, जोरानं!" सुखदेव त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम... असंच लिवलं होतं का जी?"

मी म्हणाले, "हो."

"मंग माहीच मती गेली असन," तो म्हणाला. "मले तं दुसरंच आठवून राहिलं." आणि सगळ्यांसमोर त्याने माझ्यापुढे हात जोडले.

त्याला माझ्यावर संशय घेता आला असता. त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला. वर्षानुवर्षं तो एकच काम करताना दोनदा थांबतो, गिऱ्हाइकाला विचारतो, मी बरोबर करून राहिलो ना? ब्रेकचं काम त्याने सोडलं; भंडाऱ्याला पाठवतो. माझा कागद त्याने लॅमिनेट करून घेतला आहे. तो अजून तिथेच आहे. नव्या माणसाला दाखवून सांगतो, "म्याडमनं एवढं साफ लिवून देलं होतं, मीच वाचलं नाही." माझ्यासमोर सांगतो. दिवाळीला त्याच्याकडून सीताफळं येतात. मी ती खाते.

नीताच्या सायकलला पुन्हा रबरी ब्रेक लागले, मग सायकलच गेली. मनगट पूर्ण वळत नाही. पोळी लाटताना दिसतं.

कबीर, हायड्रॉलिक घे. तेल कोणतं, ते तुझ्या पुस्तिकेत तू स्वतः वाच. चौकटीतलंही वाच.

मी कागद फेकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. खिळ्यावरून काढलेला पहिला कागद मी फाडला नव्हता. फाईलला लावून ठेवला होता, तारखेच्या क्रमाने. तुमच्या पाकिटात त्याची झेरॉक्स आहे. नीताच्या पाकिटातही. तिसरं पाकीट, या पत्राच्या इथपर्यंतच्या प्रतीसह, आज सकाळी मी शहापूरच्या पत्त्यावर टाकलं. मूळ कागद त्यात आहे. कोपऱ्यावरचा डाग त्याच्या बोटाचा आहे, तो त्याला ओळखता येईल.