ताईचा मोरपिशी सोफा

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून बाजारातल्या कापडवाल्यांनी ते पाडलं आणि तिनंही खुशाल मिरवलं. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं काम ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. नवरा बस चालवायचा. सासरे म्हणायचे, "मुलगा चाकावर गेला, सून गादीवर आली. दुकान राहिलं, झालं तर!"

पाच-सहा वर्षांत तिचा हात चांगला बसला, आणि कापड पारखण्यात आपण सासऱ्यांच्या वरचढ आहोत असं तिला वाटू लागलं. त्याच सुमारास थोरल्या बहिणीनं सोफा करायला दिला. ताईच्या घरी तीन मुलं, शिवाय संध्याकाळभर एकाच कोपऱ्यात ठाण मांडणारे भावजी. टाचणीनं मोरपिशी, रेशमी झाक असलेलं जाड कापड निवडलं. नखानं घासलं, ओल्या फडक्यानं पुसलं. रंग जरासुद्धा सुटला नाही.

सासऱ्यांनी ते उजेडासमोर धरलं. "वीण सैल आहे गं. झिजायचं नाही, पण शिवणीत दगा देईल."

"बाबा, केवढं जाड आहे बघा तरी!"

"जाड तर पोतंही असतं."

तिनं ऐकलं नाही. सोफा घरी गेला तेव्हा ताई हरखून गेली.

पुढे कधीही गेलं की त्या सोफ्यावर चादर. "मुलं सांडतात गं काहीबाही," ताई म्हणायची. चादरी बदलायच्या, पण कडा नेहमी घट्ट खोचलेल्या. वर्षभरानं एकदा टाचणी समोर बसलेली असताना भावजी पाणी आणायला उठले. त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात चादर अडकली आणि त्यांच्यामागोमाग निघाली.

कापड कुठेही फाटलं नव्हतं. रंग नव्यासारखा. पण प्रत्येक शिवणीपाशी धागे सरकून जाळ्या पडल्या होत्या आणि आतला फोम दात विचकावेत तसा दिसत होता. टाचणीनं एका जाळीत बोट घातलं.

"कधीपासून असं झालंय?"

"आत्ताच गं, थोडंसं..." ताई ओल्या हातांनीच धावत आली.

"चौथ्या महिन्यापासून," भावजी बोलून गेले. ताईनं असे डोळे वटारले की ते पाण्याचं विसरून आतल्या खोलीत गेले.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"किती हौसेनं केलं होतंस. तुझ्या सासऱ्यांपुढे तुझी मान खाली जायला नको होती मला."

टाचणीला रडू आलं; कापडासाठी नव्हे, ताई वर्षभर चादरी खोचत राहिली म्हणून.

दुकानात येऊन तिनं सासऱ्यांना सगळं सरळ सांगितलं. ते 'बघ, मी म्हटलं होतं' म्हणाले नाहीत. त्यांनी एका नमुन्याचे दोन तुकडे केले, मशीनवर जोडले आणि एक टोक तिच्या हातात दिलं. "ओढ. जोर लावून." टाक्यांच्या दोन्ही बाजूंना फटी पडल्या. दुसऱ्या नमुन्याचं तेच, तिसऱ्याचंही. सातवं कापड मातकट रंगाचं, बारीक घट्ट विणीचं. दोघांनी पाय रोवून ओढलं तरी शिवण जागची हलली नाही.

"चिखल दिसतोय," त्याच कापडात पुन्हा मढवलेला सोफा बघून ताई म्हणाली.

"दिसू दे. पण आता तोंडावर बोललीस ना, ते बरं झालं."

याला अकरा वर्षं झाली. मधे फोम दोनदा बदलला, कापड तेच आहे. ताईला तो रंग अजून आवडत नाही आणि ती ते आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगते, टाचणी समोर असली तर जरा जास्तच मोठ्यानं. परवा टाचणीनं मढवलेल्या नव्या खुर्चीत बसताच ताईनं पहिलं वाक्य टाकलं, "पाठ टोचते गं." टाचणीनं तिथल्या तिथे पाठीच्या कापडाचे खिळे काढायला घेतले.