माहेरच्या नावाची पुकार

"आधी हाक मारून बघू, मग काय ते लिहा." गैरहजेरी नोंदवायला बाबूनं पेन उचललं, की शालिग्राम हेच म्हणायचा. जबलपूरच्या कोर्टात पुकार करणारा हा शिपाई राहायला शहरातल्या गढा भागात, मूळचा वऱ्हाडी. आवाज असा, की बाहेर चहा पिणारा पक्षकार अर्धा कप टाकून धावत यायचा. तो नोकरीला लागला त्या काळी भांडणं बांधाची, नाहीतर भाऊबंदकीची. आपण कोण, हे कोणाला सिद्ध करावं लागत नसे. मग दुसऱ्याची ओळख चोरणं हा गुन्हा ठरला, आणि स्वतःचंच नाव परत मागणारी माणसं व्हरांड्यात येऊन बसू लागली.

दीक्षितपुऱ्याची विनता त्यातलीच. तिच्या शाळेच्या जुन्या मार्कशीटवर कोणीतरी सिमकार्ड काढलं, इंटरनेटवर खातं उघडलं नि लोकांना फसवलं. पोलीस आधी तिच्याच दारात आले. चोर पुढे सापडला. पण आज तिची साक्ष झाली नाही तर तो सुटणार होता, आणि गल्लीतल्या नजरा तिच्यावरच राहणार होत्या.

"अंजनी पिता विठोबा, हाजिर हो!" शालिग्रामनं तीनदा पुकारलं. विनता बाकावरून हलली नाही.

आत वळता वळता तो थबकला. "बाई, तुम्ही काहून बसून राहिल्या सकाळपासून?"

"माझं नावच नाही घेऊन राहिले, भैया. विनता."

"अन् माहेरचं?"

तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! अंजनीच की! मार्कशीटवर तेच आहे. त्या नावाला ओ द्यायची सवयच गेली. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हाच जुनं बुडालं."

"बुडालं कुठं? चोरानं काढून नेलं, अन् तुम्ही बसल्या तांदूळ निवडत!"

आत बाबूनं पेन टेकवलंच होतं. "आधी हाक मारून बघू," म्हणत शालिग्राम पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी मात्र कोर्टाची पुकार नव्हती ती. संध्याकाळी अंगणातून मारावी तशी हाक आली, "अंजने, ये गं!"

न्यायाधीशांनी मान वर केली. वकील हसले. विनता पदर सावरत लहान पोरीसारखी धावत आत गेली आणि कोणी विचारायच्या आधीच बोलली, "मी अंजनी. ते नाव माझं आहे."

साक्ष झाली. दिवस कलल्यावर फाटकाशी तिनं त्याला गाठलं. "शालिग्रामजी, अजून एकदा मारा ना हाक. त्या नावानं बोलावणारं माहेरी आता कोणी उरलं नाही."

"चलो, घरी जा अंजने! अंधार पडून राहिला," म्हणत तो छत्री काखेत मारून गढ्याच्या रस्त्याला लागला. दीक्षितपुऱ्याच्या रिक्षा समोरून जात राहिल्या. ती फाटकाला टेकून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.