एक बोट जास्त

रविवारी सावेडीहून स्कूटर काढून मी राहुरीकडच्या धरणावर डायव्हिंग शिकायला जायचो. तिथले मास्तर चहा पिता पिता अचानक तीन बोटं दाखवायचे. समोरच्याने लगेच चार दाखवायची. उशीर झाला की म्हणायचे, “चढली तुमाला.”

खोल पाण्यात टाकीतल्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि माणसाला उगाचच छान वाटू लागतं. म्हणून मास्तरांनी तीस मीटरवर दोराला लाल फडकं बांधलं होतं. तिथे थांबून बोटांची परीक्षा व्हायची. एक बोट जास्त दाखवता आलं नाही, की वर. “लई बरं वाटाया लागलं की समजायचं, काय खरं न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या दिवशी पाण्यात आम्ही दोघंच होतो. फडक्यापाशी मी उत्तर दिलं, पण मास्तरांचं लक्षच नव्हतं. ते खाली अंधारात बघत होते. तिकडेच त्यांनी चार बोटं दाखवली. थोडं थांबून पाच. सहाला दुसरा हात लागतो, म्हणून त्यांनी दोर सोडला.

मी त्यांचा पट्टा धरला आणि सावकाश वर आणलं.

काठावर आल्यावर ते ओल्या अंगानेच दोराकडे गेले. दोर ओढून त्यांनी फडकं सोडलं आणि दहा मीटर वर बांधायला घेतलं.

“चढली होती ना, मास्तर?”

“चढल्यावर मानूस चुकतो,” गाठ आवळत ते म्हणाले. “खालनं तो इचारत हुता, अन् माझं एकबी चुकलं न्हाई.”