मधूच्या थाळ्या, माझं पाणी

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी झोपलो होतो. मे महिना, दुपारचे अडीच, आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली. एरवी तिथं त्या वेळी पाठ टेकवणंही कठीण. तरी मला गाढ झोप लागली होती, कारण सकाळी मी गच्चीवर भरपूर पाणी मारलं होतं. फोन काटोलहून त्याच्या भाच्याचा होता. "काका, मामा रस्त्यात पडले... उठूनच नाही राहिले." एवढं बोलून तो रडायला लागला. खाली जाऊन शोभावहिनींना ते सांगणं माझ्या वाट्याला आलं. आता तीन आठवडे होतील. त्या दिवशीच्या गार खोलीची मला अजून लाज वाटते, आणि ती का वाटते तेच इथं सांगायचं आहे.

मधू आणि मी शाळेपासूनचे सोबती. नागपुरात दोघांनी मिळून प्लॉट घेतला, घर बांधलं, खालचा मजला त्याचा, वरचा माझा. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. परीक्षानळ्या धुण्यात आणि मोडके वजनकाटे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, पण अचूकपणाचं वेड काही गेलं नाही. चहात साखर किती विचारलं तर हा चमचा सपाट की शीग लावलेला हे आधी विचारणार. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो गांधीबागेत भर दुपारी कापड घ्यायला गेला आणि दुकानाच्या पायरीवरच चक्कर येऊन पडला. तेव्हा निभावलं. पण वहिनींनी त्याच्याकडून शब्द घेतला: सकाळी अकराला पारा चाळीसच्या वर असला की त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मधूनं शब्द दिला आणि लगेच पुढचा प्रश्न काढला, चाळीस म्हणजे कोणाचे चाळीस? पेपरातले की आपल्या गल्लीतले?

त्यासाठी त्यानं घरगुती हवामान केंद्र आणलं. नाव मोठं, वस्तू लहान. गच्चीवर एक सेन्सर आणि खाली फ्रिजवर आकडे दाखवणारी एक डबी. पहिल्या दिवशी सेन्सर सुतळीनं कठड्याला बांधला, तर अकराला आकडा एकोणपन्नास. वहिनी खूश. "घ्या, आता बसा घरात." मधू मात्र चिडला. "ते उन्हाचं तापमान हाय, हवेचं नाही. त्याले चटका बसून राहिला, तो बिचारा काय खरं सांगन?" सेन्सरला ऊन लागू नये पण वारा लागावा, अशी सावली हवी होती. तिला रेडिएशन शील्ड म्हणतात, हे त्यानं मला तीनदा समजावलं. तयार शील्ड घेणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं. इतवारीतून कुंड्यांखाली ठेवायच्या नऊ पांढऱ्या थाळ्या आणल्या, मधल्या थाळ्यांना गोल भोकं पाडली आणि सगळ्या उपड्या एकावर एक चढवल्या. मध्ये फट राहावी म्हणून वायरिंगच्या पाइपाचे अंगठ्याएवढे तुकडे घातले. सगळं तीन लांब बोल्टांनी आवळलं आणि पोटात सेन्सर टांगला. वहिनी म्हणाल्या, "इडलीचा स्टँड दिसते." ते नाव पडलं ते पडलंच. पण दुसऱ्या दिवशी अकराला आकडा आला अडतीस पूर्णांक दोन, आणि मधू टोपी घालून ऐटीत बाजारात गेला.

तेव्हापासून रोज अकराला तो आकडा वहीत लिहायचा आणि जिन्यातून मला ओरडून सांगायचा. आणि माझा गुन्हाही तेव्हापासूनचाच. माझी खोली तापते. मी साडेदहाला नळी लावून गच्ची भिजवतो, नागपुरात अर्धं शहर भिजवतं. मधूनं मला एकदा बजावलं होतं, "बाळ्या, पाणी मारजो, पण सूर्य गेल्यावर. थाळ्या ओल्या झाल्या की आतला सेन्सर माठासारखा थंड होते. मंग आकड्याची वाट लागते." मी हो म्हणालो. दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी खोलीची भट्टी झाली आणि मी पुन्हा नळी काढली. वर त्या थाळ्यांवरही चार फवारे मारायचो. उन्हात उभं राहिलेलं काहीही पाहिलं की आपला हात पाण्याकडे जातो, दुसरं काय. मधू पुन्हा काही बोलला नाही. मला वाटलं, त्याला कळत नाही.

त्या दिवशी तो भाच्याच्या संत्र्याच्या बागेत लावायला दुसरं शील्ड घेऊन निघाला होता. अकराचा आकडा सदतीस पूर्णांक सहा. तो त्यानं वहिनींना दाखवला, जिन्यातून मला सांगितला. मी वरून म्हणालो, "जा गा, आज मस्त हाय." नळी तेव्हा माझ्या हातात होती. काटोलला बसमधून उतरून तो बागेकडे चालत गेला आणि वाटेत कोसळला. डॉक्टर म्हणाले, ऊन असेल, हृदय असेल, दोन्ही असेल, आता नक्की सांगता येणार नाही. पिशवीतल्या थाळ्यांना साधा चराही गेला नव्हता.

तेरावं झाल्यावर वहिनींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. "भाऊजी, याच्यात जागोजागी तुमचं नाव हाय. मले काही समजून नाही राहिलं." मी पानं उलटली. एका ओळीत होतं: बाळ्या गावाला, गच्ची कोरडी, चारचा फरक. त्यानंतर रोज आकड्यापुढे त्याचं बारीक अक्षर: बाळ्याचं पाणी, अधिक चार. रोज. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. माझी झोप मोडू नये म्हणून तो माझी चूक बेरजेत घेत होता आणि खरा आकडा पाहूनच घरात बसत किंवा बाहेर पडत होता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही. मग शेवटच्या पानावर आलो. सदतीस पूर्णांक सहा. पुढे काहीच नाही.

घाईत राहिलं असेल? की मी त्या दिवशी पाणी मारलं नाही असं त्याला वाटलं? की चार मिळवले तर वहिनी जाऊ देणार नाहीत, म्हणून मुद्दामच लिहिले नाहीत... मी वहिनींना सगळं सांगितलं, नळीसकट. त्या म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिले हे? दारात मी उभी होती. थांबा म्हणायले मले तोंड होतं ना." त्यांनी वही मिटली आणि मला चहा दिला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गच्ची कोरडी असते. इडलीचा स्टँड तिथंच आहे, वरची थाळी जरा पिवळी पडली आहे. अकराला मी खाली जातो, फ्रिजवरचा आकडा पाहतो आणि त्याच वहीत लिहितो. मिळवायला आता काही नसतं. वहिनी विचारतात, "किती?" मी सांगतो. मग मागचं पान उलटून त्याच्या शेवटच्या ओळीशी थांबतो. तिच्यापुढे चार लिहायला मी दोनदा पेन्सिल हातात घेतली. लिहिले तर आकडा होतो एक्केचाळीस पूर्णांक सहा, आणि त्या आकड्याला मधू घरात असायला हवा होता.