रंगात न बुडणारा नंबर

चिंचवडच्या एका कंपनीत मी तारेचे वेढे गुंडाळायचं काम करायचे. केसाएवढी बारीक तांब्याची तार, समोर हाताने फिरवायचं छोटं चक्र आणि तोंडाने अखंड गप्पा. हॉलमध्ये आम्ही वीसेक बायका होतो आणि सगळ्यांत जास्त बडबड माझी, हे मला मान्य आहे. पण बडबडीपायी माझा एक वेढासुद्धा कधी कमीजास्त झाला नव्हता. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. त्या महिन्यात मला कायम करणार होते.

शेजारच्या शेडमध्ये पाच लोखंडी गाडे होते. त्यांच्यावर माल लादून ते रंगाच्या खोलीत ढकलत. प्रत्येक गाड्यावर नंबर होता, पण रंगाचा फवारा मालाबरोबर नंबरवरही बसायचा आणि आठवड्याभरात पाचही गाडे सारखेच दिसायला लागायचे. कुठला गाडा आत जाऊन आला आणि कुठला जायचाय, यावरून रोज तंटा.

आमच्या साहेबांनी त्यावर उपाय काढला. माझ्याकडून त्यांनी पाच चकत्या करून घेतल्या. प्रत्येकीवर तारेचे वेगवेगळ्या संख्येने वेढे आणि एक छोटा कंडेन्सर. रंगाच्या खोलीच्या लाकडी चौकटीला एक मोठं वेटोळं बसवलं आणि त्याला जोडलेला काटा दारालगतच, साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“साहेब, चकतीत सेल कुठाय?” मी विचारलं.

“नाहीच.”

“मग ती नंबर सांगते कशी?”

साहेब खूश झाले. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तरच तो झोका घेतो ना, म्हणाले, तशी प्रत्येक चकतीची आपली लय असते. दारातलं वेटोळं लहरी सोडतं. बटण फिरवत आपण ती लय बदलत जायचं. चकतीची लय जुळली की ती त्या लहरींतला घास खाते आणि इथे काटा पडतो. बटणाच्या ज्या आकड्यावर काटा पडला, त्या नंबरचा गाडा. वर रंगाचे चार थर बसले तरी तिला फरक पडत नाही. मला इतकी गंमत वाटली की त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता काट्यापाशीच बसले. साहेबांच्या टेबलावर पाचही चकत्या बरोबर नंबर सांगत होत्या.

गाड्यांवर बसवल्यावर मात्र सगळं बिनसलं. तिसरा गाडा दारात आला की काटा चारवर पडे, चौथा आला की पाचवर. वेढे कमी असले की असंच होतं, साहेब म्हणाले. मग ते तडक हॉलमध्ये आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, “बाई, तुम्ही मोजताना बोलता. सोमवारपासून पॅकिंगला जा. कायम करायचं नंतर बघू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पॅकिंगचं वाईट वाटलंच, पण माझ्या मोजणीला बट्टा लागला तो सहन होईना. “पाचही चकत्यांत मी सारखीच चुकले?” मी विचारलं. “मला आधी दारात बघू द्या.” साहेब घड्याळाकडे बघत तयार झाले.

शेडमधल्या फिटरकाकांनी तिसऱ्या गाड्यावरची चकती काढून दिली. ती नुसती हातात धरून मी दारात उभी राहिले, साहेब बटण फिरवू लागले. काटा तीनवर! गाड्याच्या पत्र्याला टेकवली, चारवर. बोटभर लांब धरली, काटा परत तीनच्या बाजूला पडायला लागला. मी राग विसरूनच गेले. चकती पुढे-मागे करत मी काट्याचा खेळच मांडला. मग तिला पत्र्यापासून लांब ठेवायला काहीतरी हवं म्हणून पायातली रबरी चप्पल काढून मध्ये सारली. काटा तीनच्या अगदी जवळ पडला.

फिटरकाका मात्र उसळले. “आगं, खंडेनवमीला हळदकुंकू लावतो आमी ह्या गाड्याला, अन् तू चप्पल लावतीस व्हय?”

“मंग काका, तुमचा हात ठेवा मधी.”

काकांनी पुटपुटत खोक्याच्या फळीचा जाड तुकडा आणून दिला. चप्पल काढून तो लावला आणि काटा बरोबर तीनवर पडला. साहेबांनी त्या फळीवर बोट ठेवलं, मग आपल्या टेबलावर. त्यांचं टेबल लाकडी होतं, गाडा लोखंडी. लोखंड जवळ आलं की चकतीची लय बिघडायची.

आता नातवाच्या सोसायटीचं दार कार्डाने उघडतं, गाडीच्या काचेवरचं स्टिकर वाचून टोल कापला जातो. त्यांतही सेल नसतो. समोरच्या यंत्राच्या लहरींवरच आतली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. साधं स्टिकर पत्र्यावर चिकटवलं तर तेही अजून असंच गोंधळतं म्हणे. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी साहेब शेडमध्येच म्हणाले, “ठीक आहे बाई, पॅकिंगचं राहू द्या. तुमचं नाव कायमसाठी पाठवतो.” मला कायम व्हायचं होतंच. पण डाग हॉलमध्ये लागला होता. “साहेब, तिकडे येऊन सांगा,” मी म्हटलं. साहेब आले. वीस चक्रं थांबली. खाली बघत ते म्हणाले, “यांचे वेढे बरोबर होते. चूक माझी होती.”

“साहेब, जरा मोठ्यानं,” मी म्हटलं. “मागच्या रांगेला ऐकू नाही गेलं.”